गाणं विकत घेतलंय, पण वाजत नाही

मागच्या वेळी जुन्या कॅसेटी संगणकावर कशा घ्यायच्या ते लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती दुसऱ्याच दुखण्याची. पैसे मोजून इंटरनेटवरून घेतलेली गाणी नव्या यंत्रावर वाजत नाहीत आणि का वाजत नाहीत ते कोणी नीट सांगत नाही. त्यातली काही पत्रं इथे घेतो.

प्रश्न : ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गाण्यांच्या फाइलींच्या नावापुढे ‘एम४पी’ असतं. ते खोडून ‘एमपी३’ लिहिलं की गाणी कुठेही वाजतात, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं आहे का?

नाही. परवानगीशिवाय गाणं वाजू न देणारं कंपनीचं कुलूप फाइलच्या आत आहे, नावात नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत असताना २००५ ते २००८ मध्ये आयट्यून्सवरून दोनेकशे गाणी घेतली. आता पुण्यात नवा लॅपटॉप घेतला, तर पासवर्ड विचारतो आणि पुढे जात नाही.

ज्या ॲपल खात्यावरून गाणी घेतली तेच खातं टाका आणि संगणक ‘ऑथराइझ’ करा, म्हणजे त्या खात्याची गाणी वाजवायची परवानगी त्याला द्या. एका खात्याला पाच संगणकांची मर्यादा आहे. विकलेले, बिघडलेले, भंगारात गेलेले लॅपटॉपही त्यात मोजले जातात. पाच भरले असतील, तर खात्यात जाऊन सगळे एकदम रद्द करता येतात. ही सोय वर्षातून एकदाच मिळते, म्हणून घाईत वापरू नका. जानेवारी २००९ पासून ॲपलने तिथल्या गाण्यांची कुलपं काढली, पण आधी विकलेल्या फाइली आपोआप सुटल्या नाहीत. खातं अमेरिकेतलं असेल, तर ‘आयट्यून्स मॅच’ या वार्षिक वर्गणीतून त्याच गाण्यांच्या बिनकुलपी फाइली उतरवता येतात. वर्गणी भरण्याआधी ॲपलच्या मदत केंद्राला तुमच्या खात्याबद्दल विचारा. आणि आजच्या ‘ॲपल म्युझिक’वरून उतरवलेलं गाणंही ‘एम४पी’च असतं, पण ते भाड्याचं आहे, वर्गणी चालू असेपर्यंतच वाजतं. दोन्हींची गल्लत करू नका.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहिते. २००५-०६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानातून घेतलेली गाणी माझ्या जुन्या विंडोज एक्सपीच्या लॅपटॉपवर अजून वाजतात. लॅपटॉप फार हळू झालाय. भाचा म्हणतो, गाणी पेनड्राइव्हवर घेऊ आणि फॉरमॅट मारू. मारू का?

ताई, नका मारू. भाच्याच्या हाताला लॅपटॉप लागू देऊ नका आणि हे उत्तर पुरतं वाचा.

पेनड्राइव्हवर फाइल जाईल, किल्ली जाणार नाही. या फाइली सांकेतिक रूपात बंद असतात आणि त्या उघडणारं लायसन्स, म्हणजेच किल्ली, त्या एका संगणकावर, विंडोजच्या आत वेगळं बसलेलं असतं. फॉरमॅट केलं की ते पुसलं जातं. तेव्हा नवं लायसन्स दुकानाच्या सर्व्हरवरून यायचं. एमएसएन म्युझिकने २००६ च्या अखेरीस विक्री थांबवली. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ओरड झाली, तेव्हा ती मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली. ती उलटूनही जमाना झाला. तुमच्या गाण्यांची एकमेव किल्ली आज त्या हळू चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये आहे.

हे एका कंपनीपुरतं नाही. २००८ मध्येच याहूने आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं. लोकांनी आवाज उठवल्यावर भरपाई दिली. वॉलमार्टनेही त्याच वर्षी किल्ल्यांचे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं आणि विरोध झाल्यावर मागे घेतलं. दरवेळी सल्ला एकच मिळायचा, गाणी सीडीवर उतरवून ठेवा. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे पैसे भरले त्यानेच रात्र रात्र बसून सीड्या लिहायच्या. चोरीची गाणी घेणाऱ्याला यातला कसलाच त्रास नव्हता. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने फेब्रुवारी २००७ च्या आपल्या जाहीर पत्रात आकडे दिले होते. २००६ मध्ये जगभरातल्या ऑनलाइन दुकानांनी दोन अब्जांहून कमी कुलूपबंद गाणी विकली, आणि त्याच वर्षी गाण्यांच्या कंपन्यांनी स्वतः वीस अब्जांहून जास्त गाणी बिनकुलपी सीडीवर विकली. एवढं मोठं दार सताड उघडं होतं, आणि कुलूप बसलं ते तुमच्या-माझ्या कपाटाला. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

गेल्या पावसाळ्यात एक काका असाच लॅपटॉप घेऊन आले होते. दुकानदाराने ‘डेटा सगळा ठेवलाय’ म्हणून सांगितलं, आणि ठेवलाही होता. एकेका गाण्याचं नाव, गायिका, अल्बमचं चित्र, सगळं पडद्यावर दिसत होतं. क्लिक केलं की लायसन्स मागणारी खिडकी उघडायची, थोडा वेळ सर्व्हर शोधायची आणि मिटायची. एकशे चौदा गाणी होती. काकांनी प्रत्येक गाण्यावर एकदा तरी क्लिक करून पाहिलं. मला एकही उघडता आलं नाही.

म्हणून आता हे करा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये गाण्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि लायसन्सची माहिती वाचा. ऑडिओ सीडी लिहायची परवानगी किती वेळा आहे, ते तिथे दिसेल. बहुतेक दुकानं ती देत असत. परवानगी असेल तर याच आठवड्यात साध्या ऑडिओ सीडी लिहा; त्या सीडीवर कुलूप नसतं. पुढे ती गाणी संगणकावर घेताना ‘लॉसलेस’ (आवाजातलं काहीही न गाळणारा) प्रकार निवडा, नाहीतर आवाज आणखी घसरेल. डिस्क करकर वाजत असेल, तर मात्र काही न करता लॅपटॉप बंद करा आणि आधी डेटा रिकव्हरीवाल्या माहितगाराला दाखवा. दिवाळीला सुट्टी काढून बघू, असं म्हणू नका.

प्रश्न : ॲपवर पैसे भरून दोन हजार गाणी ‘डाउनलोड’ केली होती. वर्गणी संपली आणि सगळी गेली. ही फसवणूक नाही का?

कायद्याने बहुधा नाही, कारण ते डाउनलोड म्हणजे भाड्याची प्रत असते. स्पॉटिफायवर तर वर्गणी चालू असतानाही महिन्यातून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं. पण बटणावर ‘डाउनलोड’ लिहायचं आणि भाड्याची अट आतल्या बारीक अक्षरात ठेवायची, ही व्यापारी चलाखी मला मान्य नाही. शिवाय वर्गणी चालू असतानाही गाणं जाऊ शकतं. २०१९ मध्ये सारेगामा या गाण्यांच्या कंपनीशी वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर स्पॉटिफायवरून त्यांची गाणी उतरली आणि २०२० मध्ये करार झाल्यावर परतली. जुन्या एचएमव्हीचा खजिना सारेगामाकडे आहे, म्हणजे आपली कितीतरी भावगीतं आणि नाट्यगीतं त्यात आली. जाहिरातीत कायमच्या मालकीचं आश्वासन होतं असं वाटत असेल, तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन ग्राहक पंचायतीकडे जा.

प्रश्न : आमच्याकडे मोबाइलवाला कुठलंही कुलूप तोडून देतो म्हणतो. सॉफ्टवेअरही विकतो. घ्यावं का?

सॉफ्टवेअर घेऊ नका. असली ‘रिमूव्हर’ घातलेले संगणक मी साफ केले आहेत. गाण्याचं कुलूप तसंच होतं, वर जाहिराती आणि व्हायरस.

कायदाही समजून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठी सूट आहे, पण दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. तुमच्या मोबाइलवाल्याला ती वही दाखवायला सांगा. स्वतः घेतलेल्या गाण्यांची स्वतःपुरती प्रत काढायची असेल, तरी आधी वकिलाला विचारा.

प्रश्न : मुलाने २००५ मध्ये अमेरिकेहून आणलेल्या सीडीवर ‘कॉपी प्रोटेक्टेड’ लिहिलंय. संगणकात घालू का?

नको. साध्या सीडी प्लेअरवर ऐका. त्या वर्षी सोनी बीएमजीच्या काही सीड्या विंडोजमध्ये गुपचूप प्रोग्राम लपवत होत्या, हे ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीला आलं आणि कंपनीला त्या परत घ्याव्या लागल्या. आधीच घातली असेल, तर संगणक जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : आज गाणी विकत घ्यायची तर कुठून घ्यावीत?

बँडकॅम्प हे ऑनलाइन दुकान आणि आयट्यून्स स्टोअर यांवर विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप नसतं. उतरवलेल्या दिवशीच दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा. भारतात फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ हे गाण्यांचं दुकान २०१२ मध्ये निघालं आणि २०१३ मध्ये बंदही झालं. ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांची गाणी आजही वाजतात. दुसरं कुठलं दुकान असेल, तर फाइल कोणत्या प्रकारची मिळेल आणि खातं बंद केल्यावर ती वाजेल का, हे पैसे भरण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.