तीन लाख शब्दांची प्रेमकथा

प्रश्न : मैत्रिणीने आवडत्या मालिकेतल्या जोडीवर तीन लाख शब्दांची फॅन फिक्शन, म्हणजे त्याच पात्रांना घेऊन चाहतीने रचलेली कथा, लिहिलीय. मत मागतेय. मधला भाग फार रेंगाळतो. कसं सांगू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लांबीला नावं ठेवू नका. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर 'स्लो बर्न' हा टॅग शोधणाऱ्यांना सावकाश फुलणारं प्रेमच हवं असतं. तुम्ही पानं चाळायला लागलात ते प्रकरण दाखवा. बहुधा तिथे तोच गैरसमज पुन्हा येतो, भांडण मिटतं आणि दोघं होते तिथेच राहतात. विचारा, या प्रकरणानंतर त्याला तिच्याबद्दल नवं काय कळलं? पात्रं वाचकांच्या ओळखीचीच असतात, त्यामुळे ओळख करून देणारी पानं बिनधास्त कापता येतात. आवडलेला प्रसंगही नेमका सांगा. नुसतं 'छान' म्हणू नका, तिने मेहनत घेतलीय.