मिरगाच्या तोंडावर पेट्रोल कटर घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यात पेव्हर (अंगणात बसवायचे सिमेंटचे ब्लॉक) बसवण्याची आणि बांधकामाची छोटी कामं घेतो, हाताखाली पाच माणसं. १४ इंची पेट्रोल डिस्क कटर रत्नागिरीहून भाड्यानं आणतो. भाडं दिवसाला १,२०० रुपये, नेण्या-आणण्याचे ३००. या हंगामात ३८ दिवस आणला: २१ दिवस अंगणातल्या ६० मिमी पेव्हरचे कडेचे तुकडे कापायला, १७ दिवस ८० मिमी ब्लॉक, कर्ब (कडेला उभे लावायचे ब्लॉक) आणि नळाच्या लाइनसाठी काँक्रीटचा रस्ता कापायला. नवीन मशीन रोखीनं ७८,०००. बारा हप्त्यांत ‘शून्य टक्के व्याजानं’ ८२,०००, वर प्रोसेसिंग फी १,९९९ आणि तिच्यावर जीएसटी. बचत १ लाख १० हजार. त्यातले ६० हजार जूनमध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी लागतील. दुकानदार म्हणतो, करातही सूट बसेल. घेऊ का?

आत्ता एप्रिलात घेऊ नका. दसऱ्यानंतर घ्यायचा की नाही, ते खालच्या हिशोबावर ठरवा.

३८ गुणिले १,५०० म्हणजे ५७,००० रुपये भाड्यात गेले. एवढा आकडा बघितला की दीड हंगामात मशीन फुकट पडतं असं वाटतं, आणि दुकानदारही तेवढंच सांगतो. स्वतःच्या मशीनचा वर्षाचा खर्च मात्र वेगळा मांडावा लागतो. चार वर्षांनी २०,००० ला विकलं असं धरा, म्हणजे घसारा (मशीनची उतरणारी किंमत) वर्षाला १४,५००. एअर फिल्टर, बेल्ट, प्लग, स्टार्टरची दोरी, कार्बोरेटरचं डायफ्राम मिळून ७,५०० धरा. अडकलेल्या पैशावर सात टक्क्यांनी बुडणारं व्याज सुमारे ५,५००. झाले २७,५००. ब्लेड आणि पेट्रोल दोन्हीकडे सारखंच, ते धरलेलं नाही. भागिले १,५०० केलं की साधारण १८-१९ दिवस येतात. एवढे दिवस खरोखर लागत असतील तरच मालकी परवडते.

म्हणून त्या २१ दिवसांकडे नीट बघा. ११० मिमी ब्लेडचा विजेचा मार्बल कटर ३० ते ३४ मिमी खोल जातो. ६० मिमी पेव्हरला दोन्ही बाजूंनी रेघ मारून कापला की तुकडा सरळ सुटतो. त्यासाठी चौदा इंची मशीन आणणं म्हणजे सुपारी फोडायला घण. मार्बल कटरला पाणी लावणार असाल तर वायर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घ्या. ओल्या अंगणात विजेशी खेळ नको. शिवाय तुकडे रोज चार-चार कापू नका. पूर्ण ब्लॉक आधी बसवून घ्या, कडेच्या तुकड्यांवर खडूनं नंबर टाका आणि सगळे एका दिवशी कापा. उरतात १७ दिवस, तेही असेच एकत्र केले तर कमी होतील. म्हणजे तुम्ही १८-१९ च्या खालीच आहात. पुढच्या हंगामात रस्ता कापायची कामं वाढली तर चित्र पालटेल. तोवर वहीत तारीख, काय कापलं, जाडी आणि किती मीटर एवढं लिहून ठेवा.

हप्त्याचं ‘शून्य’ सोलून बघू. फी जीएसटीसकट २,३५९, आणि रोखीची ४,००० सूट बुडाली. ७८,००० च्या वस्तूसाठी फी आधी भरून वर ६,८३३ चे बारा हप्ते, म्हणजे व्याज वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास पडतं. त्यात जून ते सप्टेंबर काम बंद, हप्ता चालू.

कराचं म्हणाल तर, तुम्ही अंदाजित नफ्याच्या पद्धतीनं, उलाढालीच्या आठ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर सहा) दाखवून विवरणपत्र भरत असाल तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर किमतीतला १८ टक्के जीएसटीही परत येत नाही. करातल्या सवलतीची गोष्ट सोडून द्या.

कर्जच काढायचं तर पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री हा व्यवसाय आहे. मूलभूत प्रशिक्षणानंतर १ लाखापर्यंत पहिलं कर्ज, १८ महिन्यांसाठी, ५ टक्क्यांनी. ८०,००० घेतले तर हप्ता ४,६२० च्या आसपास आणि एकूण व्याज सुमारे ३,२००. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, आणि मुद्राचं (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं) कर्ज अजून फिटायचं असेल तर नाही. नोंदणी चालू आहे का ते सीएससी (सरकारी सेवांच्या) केंद्रात विचारा. नसेल तर मुद्राचं किशोर कर्ज (५०,००० च्या वर, ५ लाखांपर्यंत), फक्त व्याजदर दोन बँकांत विचारून. मुलीच्या फीचे ६० हजार मात्र मुदत ठेवीत घालून विसरा. उरलेले ५० हजार हा तुमचा पावसाळा आहे.

दसऱ्यानंतर घ्यायचं ठरलं तर खरा खर्च मशीनचा नाही, ब्लेडचा. डायमंड ब्लेडचं गणित उलटं असतं: जांभ्यासारखा भुसभुशीत, खरखरीत दगड कापायला कडक बाँडचं (हिरे धरून ठेवणारा धातू कडक असलेलं) ब्लेड लागतं, काळ्या खडीच्या कडक काँक्रीटला मऊ बाँडचं. चुकीचं लावलं की जांभा ब्लेड खातो, किंवा काँक्रीटवर ब्लेड गुळगुळीत होऊन नुसतं घासतं. ब्लेड गुळगुळीत झालं तर चिऱ्यात (जांभ्याच्या दगडात) किंवा सिमेंटच्या विटेत चार-पाच काप घ्या, हिरे पुन्हा उघडे पडतात. सेगमेंटची (ब्लेडच्या कडेच्या हिऱ्यांच्या तुकड्याची) उंची व्हर्नियरनं (बारीक मोजमापाच्या पट्टीनं) मोजा. समजा ४० मीटरमध्ये २ मिमी गेली आणि सेगमेंट १० मिमीचा आहे, तर ब्लेड २०० मीटरचं. किमतीला २०० नं भागा आणि तो मीटरचा दर कोटेशनमध्ये धरा.

जुनं मशीन बघायला गेलात तर सायलेन्सर काढायला लावा. त्या भोकातून पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर परत या. बहुतेक वेळा कारण एकच: कुणीतरी ऑइल न टाकता साधं पेट्रोल भरलं. या इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं: पन्नासास एक प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. मिश्रणाच्या कॅनवर लाल पट्टी मारून ठेवा आणि भरायचं काम एकाच माणसाकडे द्या. आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला आपल्या दमट हवेत पाणी लवकर धरतं. मे अखेरीस टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच मशीन माळ्यावर टाका.