आनंद झाला, यात अपराध कसला?

ऐरोलीच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे: ‘‘यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. परवा त्यांना आत नेल्यावर मी खाडीवर गेले. ओहोटीच्या चिखलात उतरलेले रोहित पक्षी पाहून हरखून गेले आणि दुसऱ्याच क्षणी मनाने खाल्ले, की नवरा तिथे सुया टोचून पडलेला असताना मला आनंद होतोच कसा? त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही.’’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुन्हा खाडीवर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यजमान मशीनवर असतात ते चार तास तुम्ही बाकड्यावर कुढत बसलात, तर त्यांच्या वेदना रतीभरही कमी होत नाहीत. मात्र संध्याकाळी त्यांना आधार देत घरी आणणारी, पाण्याचा घोटन्‌घोट मोजून देणारी बाई आणखी थकलेली असते. त्या पक्ष्यांकडे पाहताना तुम्ही यजमानांना विसरला नव्हतात, म्हणून तर मनाला टोचणी लागली. दुःख आणि आनंद एकाच मनात एकाच वेळी नांदतात, आणि दीर्घ आजारपणात उमेद टिकते ती बहुधा अशाच क्षणांवर. ‘तुला बरे सुचते हे’ असे कोणी नातलग म्हणालेच, तर ते मुळीच मनावर घेऊ नका.

यजमानांनाही या सौंदर्यात वाटा हवा. अमेरिकी संशोधक रॉजर अल्रिच यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. झाडांनी मूत्रपिंडे बरी होणार नाहीत, हे उघड आहे. तरीही त्यांचा पलंग खिडकीशी सरकवा. डायलिसिस नसलेल्या दिवशी, डॉक्टरांना विचारून आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, त्यांना रिक्षाने खाडीकाठी न्या. शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतल्या रंगद्रव्यांमुळे या पक्ष्यांना गुलाबी रंग येतो, हे त्यांना सांगा; आजाराखेरीज दुसरा विषय निघेल.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर यजमानांच्या डॉक्टरांना पुढच्याच फेरीत स्वतःबद्दलही सांगा आणि समुपदेशकाची भेट मागून घ्या.