दुखणं इथलं, मग डॉक्टर डिसेंबरात का?

‘पाच वर्षांची लेक दोन महिने सकाळी उजवा पाय ओढत चालते, जिना उतरताना कडेवर घ्या म्हणते. दुपारी मात्र बागेत पळते. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, वाढीचं दुखणं. रविवारची मराठी शाळाही बुडतेय. डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तेव्हा नीट दाखवू असं ठरवलंय.’

बर्मिंगहॅमच्या ताई, हे ‘डिसेंबरात दाखवू’ आपल्या घरोघरी चालतं. दात, डोळे, पाठ, सगळं तिकीट काढेपर्यंत तुंबवून ठेवायचं. इथल्या डॉक्टरांशी हुज्जत घालायचा संकोच वाटतो, हे मला कळतं. पण लेकरू लंगडत असताना संकोच कसला करता?

वाढीचं दुखणं संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत. सकाळी पोर ठणठणीत असतं, लंगडत नाही. तुमच्याकडे सगळं उलट आहे. सकाळचा आखडलेपणा, एकच पाय, दुपारपर्यंत मोकळा होणारा सांधा. हा लहान मुलांचा संधिवात, म्हणजे जेआयए, असू शकतो. 16 वर्षांच्या आत सुरू होतो, 6 आठवड्यांहून जास्त टिकतो, आणि ब्रिटनमध्ये साधारण 1000 मुलांत एकाला असतो. ‘संधिवात तर आजीला होतो’ असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

तिला पलंगावर दोन्ही पाय सरळ करून बसवा. गुडघ्याच्या वाटीच्या बाजूचे खळगे दोन्हीकडे सारखे दिसतात का? सूज असली तर खळगा भरून येतो. तळहाताची मागची बाजू लावून बघा, एक गुडघा जास्त गरम लागतो का.

माझ्या जाऊबाईंच्या मुलाचं लेस्टरला असंच झालं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि सगळे निश्चिंत झाले. सासूबाई रोज महानारायण तेल चोळायच्या. पण जेआयए असूनही रक्त नॉर्मल येऊ शकतं. शेवटी दिरांनी सकाळी उठल्या उठल्या जिना उतरतानाचा व्हिडिओ काढून जीपींना दाखवला आणि त्याच दिवशी पीडियाट्रिक रुमॅटॉलॉजीला, म्हणजे मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांना, पत्र गेलं. अपॉइंटमेंट दुपारची असते, तेव्हा मूल छान चालतं, म्हणून व्हिडिओ हवाच. त्याला गुडघ्यात इंजेक्शन दिलं, मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, हे प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारं औषध. आता तो क्रिकेट खेळतो.

डोळ्यांचंही सांगते. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, पण बहुतेकदा डोळा ना लाल होतो ना दुखतो. निदान झालं की स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या खास दुर्बिणीची, तपासणी वेळच्या वेळी करून घ्या, नाहीतर नजर जाऊ शकते. आणि ताप असून सांधा लाल-गरम झाला, पाय टेकवेनासा झाला, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. दुखण्याने रात्री जाग येते, वजन घटतंय, उगाच काळेनिळे डाग पडतायत, तरी थांबायचं नाही.

उद्या सकाळी आठच्या ठोक्याला जीपीला फोन लावा. ‘सकाळी लंगडते, 6 आठवड्यांहून जास्त झाले, रेफरल हवाय’ एवढंच सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या जीपीची वेळ मागा.

पुण्याला जरूर जा. तोवर मेथोट्रेक्सेट सुरू झालं असेल तर इथल्या टीमला विचारल्याशिवाय तिथे कुठलीही लस देऊ नका. रविवारची मराठी शाळा बुडतेय म्हणता, तर बुडू दे थोडे दिवस. गेलीच तर तिला मांडी घालून बसवू नका, असं बाईंना सांगून ठेवा.