साखरपुडा झालेल्या मुलीला मनातलं सांगू का?

"मावशी, मी २८ वर्षांचा, ठाण्यात राहतो, चर्चच्या कॉयरमध्ये गातो. आमच्याच कॉयरमधली एक मुलगी मला आवडते. जानेवारीत तिचा साखरपुडा झाला. मुलगा कुवेतला असतो, लग्न नाताळनंतर आहे. प्रॅक्टिस सुटल्यावर आम्ही तलावपाळीवर चालतो, रात्री मेसेज करतो. 'मला काही कळत नाहीये,' असं ती म्हणते. आई म्हणते, हा व्यभिचारच. मित्र म्हणतात, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. देवाच्याच मनात आमची जोडी असेल, तर? सांगून टाकू का?
– गोंधळलेला, ठाणे"

मुला, मित्रांचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. कॅनन लॉ म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा. त्याच्या १९८३ च्या संहितेत कलम १०६२ म्हणतं की लग्नाचं वचन दिलंय म्हणून कुणाला लग्नाला उभं करता येत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. येशूचे आईवडील योसेफ-मरिया यांच्या काळी वाङ्निश्चय, म्हणजे साखरपुडा, मोडायलाही सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यावं लागे, आता तसं नाही. तेव्हा आईला सांग, व्यभिचार हा शब्द इथे लागू नाही.

पण आईचा जीव कशाने खालीवर होतोय, तेही बघ. शेजाऱ्याचं जे आहे त्याचा लोभ धरू नकोस, ही आज्ञा तू कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात पाठ केली असशील. इथला शेजारी कुवेतला बसलाय आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मला खटकतंय ते हे.

बायबलमधलं रूथचं पुस्तक पुन्हा वाच. फक्त चार अध्याय आहेत. रूथ तरुण विधवा, बवाज तिच्या सासरचा नातेवाईक. रूथ रात्री खळ्यावर येते, बवाजाला लग्नाचं विचारते. त्याच्याही मनात आहे. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्यावर आणि तिच्या सासरच्या शेतावर पहिला हक्क सांगू शकेल असा आणखी जवळचा एक नातेवाईक आहे. बवाज म्हणतो, तो तयार असेल तर ठीक, नसेल तर मी आहे. सकाळी तो वेशीवर जाऊन बसतो, दहा वडीलधारे बोलावतो आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारतो. तो माणूस शेत घ्यायला लगेच तयार होतो आणि रूथचं नाव निघताच मागे सरतो! तो मामला साखरपुड्याचा नव्हता, कुळाच्या हक्काचा होता, हे मान्य. पण रूथ हातची जाईल याची तयारी ठेवून बवाज उजेडात गेला. तुझं सगळं रात्री अकरानंतर चाललंय.

आणि 'देवाच्या मनात असेल' हे जरा बाजूला ठेव. आपल्याला जे हवं असतं तेच देवालाही हवं असतं, असं वाटायला माणसाला वेळ लागत नाही.

तेव्हा सांगू नकोस, बोटात अंगठी असेपर्यंत तरी नाही. काही फादर म्हणतील, एकदा प्रामाणिकपणे सांगून मोकळं व्हावं. मला पटत नाही. तू सांगितलंस की तिचा प्रश्न 'हे लग्न मला हवंय का' एवढा राहत नाही, 'हा की तो' असा होतो. तिला शंका असेल तर ती तिने त्या मुलाशी बोलावी, घरी बोलावी, फादरांकडे जावं. लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, स्वखुशीने करतेयस ना, कुणाची जबरदस्ती नाही ना? तिथे 'नाही' म्हणायची तिला पूर्ण मुभा आहे. तिचा सल्लागार मात्र तू होऊ नकोस, कारण निकालात तुझा वाटा आहे.

रात्रीचे मेसेज आजपासून बंद. तलावपाळीही बंद, निदान दोघांनीच जाणं तरी. कारण विचारलं तर सांग, 'तुझं लग्न ठरलंय, हे बरं दिसत नाही.' तेवढं पुरे.

तिने आपणहून, तुझ्याकडे न बघता साखरपुडा मोडलाच, तर दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन दारात उभा राहू नकोस. दोन्ही घरांना सावरायला काही महिने जाऊ देत. मग मात्र सरळ तिच्या घरी जा आणि आईलाही सोबत ने.

आणि लग्न झालंच, तर त्या मिस्साला (चर्चमधल्या लग्नविधीला) गायलाच हवं असं काही नाही. कॉयरमास्तरांना आधीच सांगून ठेव की त्या आठवड्यात तू नाहीस. एक टेनर कमी पडला तर पडू दे.

– मावशी