जाहिरातीत 'पर्यावरणपूरक' लिहिण्याआधी

भरतीच्या कामात नवीन आहेस, म्हणून आधीच सांगतो: 'आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो' एवढंच लिहून भागत नाही. उमेदवाराला कंपनी आतून दिसत नसते. अशा खुणांवरूनच तो आपल्याला इथे कसं वागवतील याचा अंदाज बांधतो. कोणत्या वर्षाच्या तुलनेत कंपनीचं हरितवायूंचं उत्सर्जन किती घटलं, ते लिही. स्कोप ३ बद्दल, म्हणजे पुरवठादारांच्या आणि विकलेल्या मालाच्या वापरातल्या उत्सर्जनाबद्दल, कुणी विचारलं आणि आकडा नसेल, तर नाही म्हणून सरळ सांग. आयएसओ १४००१ हा पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचा दाखला आहे, प्रदूषण संपल्याचा नव्हे. आणि कमी पगार यातून भरून निघेल, ही आशा सोड. या कारणासाठी आलेली माणसं पुढे जाबही विचारतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉनचे कर्मचारी हवामानासाठी काम थांबवून बाहेर पडले होते.