'बिली' टोपणनावाचा, 1994 मध्ये दोन मोठ्या फायनल निलंबनामुळे हुकलेला फुटबॉल बचावपटू कोण?

तो इटलीचा आणि एसी मिलानचा सेंटर-बॅक अलेसांद्रो कोस्ताकुर्ता. त्याला बास्केटबॉलचं वेड होतं, आणि तेव्हा मिलानच्या ऑलिम्पिया बास्केटबॉल संघाचा प्रायोजक 'बिली' नावाचा फळांच्या रसाचा ब्रँड होता. टोपणनाव तिथूनच चिकटलं. निलंबनं अशी: चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये मोनॅकोविरुद्ध क्लिन्समानला पाडल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळालं, त्यामुळे 18 मे 1994 ची अथेन्समधली फायनल गेली. वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये बल्गेरियाविरुद्ध पिवळं कार्ड मिळालं आणि 17 जुलैची पासाडेनातली ब्राझीलविरुद्धची फायनलही हुकली. दोन महिन्यांत दोनदा असं होणं फार क्रूर आहे.

मात्र मिलान आणि इटलीच्याच बचावफळीतला त्याचा सहकारी फ्रँको बारेसी याच्याशी गल्लत करू नका. अथेन्सच्या फायनलला तोही निलंबित होता, पण पासाडेनात खेळला, तेही स्पर्धेदरम्यान गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन. आणि अथेन्समध्ये दोघांविना मिलानने बार्सिलोनाला 4-0 ने हरवलं, म्हणून कोस्ताकुर्ताच्या पाच युरोपियन विजेतेपदांत 1994 चंही धरलं जातं. वर्ल्डकप मात्र इटलीने पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला.